निऱ्यांची कुंडी

संताजी जाधवांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. संताजींनी आयुष्यभर सिमेंट ओतलं. सुदामा नगरात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची शेड होती. तिथे जाळ्या, कठडे, गमले म्हणजे कुंड्या बनत. त्यांची बायको, आमच्या शारदाकाकू, गेल्या त्या उन्हाळ्यात त्यांनी शेडला कुलूप घातलं आणि नंतर ते दिवसभर ओसरीत बसून राहू लागले.

त्यांची सून शिखा देवासची, हिंदी घरातली. ऑफिसांची अंतर्गत सजावट करणारी डिझायनर. विजय नगरातल्या एका नव्या ऑफिसच्या प्रवेशदाराशी तिला मोठ्या कुंड्या हव्या होत्या. नेहमीच्या गोल नाहीत, शिल्पासारख्या. वाऱ्याने फुगलेलं कापड जणू तसंच थिजलंय. बाजारातल्या फायबरच्या तिच्या मनात भरेनात. तिने सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, आता ते हात राहिले नाहीत बेटा. तिने आग्रह केला नाही, फक्त चित्रं त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवून कामाला गेली. दुपारी त्यांनी शेड उघडली, हे मी माझ्या गॅलरीतून पाहिलं.

पहिली कुंडी फुटली. चित्रातली कड फारच पातळ होती, आणि उतावीळ होऊन संताजींनी साचाही लवकर काढला. शिखा म्हणे चूक माझी, ते म्हणत माझी. शेवटी दोघं तुकड्यांशेजारी बसून हसले. काकू गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग साचा सोडून त्यांनी वेगळी रीत धरली. कापड सिमेंटच्या घोळात बुडवायचं, उपड्या टबावर सोडायचं, वाळलं की उलटं करायचं. आधी चादर घेतली. ती जाड होती, घड्या ताठ पडल्या. कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं, असं शिखा म्हणाली. संताजी घरात गेले आणि शारदाकाकूंची सुती माहेश्वरी साडी घेऊन आले.

"नको ना बाबा," शिखा म्हणाली. "सिमेंटमध्ये गेली तर वापस नाही येणार ती."

"पेटीत ठेवल्यानं तरी कोण परत येतंय?"

शिखाने डोळे पुसले आणि साडी हातात घेतली. घोळात बुडवली संताजींनी, पण निऱ्या तिने घातल्या. तिच्या लग्नात काकूंनीच तिला शिकवल्या होत्या तशा, बोटांवर मोजत. ते टबाभोवती फिरत राहिले, एखादी घडी सैल करत, एखादी दाबत. नंतर कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारत होते. उलटी केल्यावर कुंडी अशी दिसली, की कुणी बाई फुलं घ्यायला पदर पसरून उभी आहे.

बाकीच्या कुंड्या जुनी धोतरं विकत आणून झाल्या. ऑफिसवाल्यांना सगळ्या आवडल्या, पण दारात ठेवायला त्यांनी नेमकी माहेश्वरीची मागितली. शिखा म्हणाली, ती देणार नाही, घरी ठेवू. समीर, तिचा नवरा, तोही तेच म्हणाला. संताजी बराच वेळ निऱ्यांवरून हात फिरवत होते.

"जाऊ दे तिला," ते म्हणाले. "शारदेला माणसं लागायची. इथे अंगणात एकटी काय करेल?"

आता शेड रोज उघडी असते. शिखा चित्रं काढते, ते त्यात चुका काढतात, ती परत काढते. कृष्णपुऱ्यातल्या एका छोट्या हॉटेलसाठी सध्या काहीतरी चाललंय.

मधून मधून संताजी विजय नगरला जाऊन येतात. एकदा मीही सोबत होतो. कुंडीत पामचं झाड वाढलं होतं, पानं काचेला टेकली होती. संताजींनी कडेवरून हात फिरवला, तसा नवा चौकीदार जवळ आला आणि नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, हाथ मत लगाइए, बहुत संभालके रखा है इसको."

मी तोंड उघडणार, तोच संताजींनी माझा दंड दाबला.

"संभालो भिया, खूब संभालो," ते त्याला म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरून बघत उभे राहिले.