एक पडतो, दोघे उचलतात

रिसालदार मोटारसायकल कधी तशीच नेऊन लावत नसत. रपेट संपली, आणि रपेट म्हणजे बहुधा मंडईतून कोथिंबीर आणणं, की इंदूरच्या छत्रीबागेतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं आणि गल्लीला तीन फेऱ्या मारत गाडी हाताने चालवायची, हा त्यांचा कायदा. धावून आलेला घोडा कुणी थेट तबेल्यात बांधत नाही, फिरवून त्याचा घाम वाळवतात, म्हणून. मोटारसायकलला घाम येत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी चंद्रीच्या, म्हणजे त्यांच्या शंभर सीसीच्या म्हाताऱ्या गाडीच्या, इंजिनाखालून तेलाचा एक थेंब बोटावर घेतला आणि माझ्या नाकासमोर धरला. "फिर ये क्या है भिया, गंगाजल?"

कोपऱ्यावरचे टेलरमास्टर त्यांना असं चालताना पाहिलं की कपड्यावरचे डाग काढायला ठेवलेली पेट्रोलची बाटली घेऊन धावत यायचे. "काकाजी, पेट्रोल खतम हो गया क्या?" "खतम नहीं हुआ, घोडी ठंडी हो रही है." हे रोज चाले. टेलरमास्टरांचा चेहरा मुळातच काळजीचा. त्यांना हसताना गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं, आणि रोज उत्तर ऐकूनही दुसऱ्या दिवशी ते बाटली आणायचेच.

रिसालदार वीजखात्यातून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते, त्यावरून हे नाव पडलेलं. पूर्वजांचा अभिमान सगळेच बाळगतात, पण यांचा वेगळाच होता. "आमच्या पणजोबांनी एक पण लढाई मारली नाही," ते छाती काढून सांगत, "पण घोडा एक मरू दिला नाही."

मी मूळचा सांगलीचा. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून इंदूरला आलो आणि आल्या आल्या डोंगरदऱ्यांत हिंडायची मोठी मोटारसायकल घेतली. पहिल्याच रविवारी शहराबाहेर हातोद गावाच्या पुढे डांबर सोडून खडीत शिरलो आणि पडलो. पडण्याचं काही नाही, पण दोनशे किलोची गाडी पायावर घेऊन दीड तास आकाश बघत होतो. शेवटी एक म्हैसवाले बाबा आले. त्यांनी आधी म्हशी बांधल्या, मग मला काढलं. घरी आल्यावर बायको, मेघना, शांतपणे म्हणाली, "दिवाळीपर्यंत शिकवणारा शोध आणि सोबत शोध. नाहीतर गाडी विक." मेघना शांतपणे बोलली की ते होतंच, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे.

शोधाशोध केली. शिकवणी वर्ग होते ते चार राज्यांपलीकडे. शहरात एक टोळकं सापडलं, पण त्यांचं ऑफ-रोड म्हणजे ढाब्याचं कच्चं पार्किंग. तिथे शेव टाकून पोहे खायचे आणि हेल्मेट काखेत धरून फोटो काढायचे. पडताना माझी एक दाढही तडकली होती, म्हणून तुकोगंजातल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दाढ कोरता कोरता ते म्हणाले, "गाडीवरून पडलात? मग आमच्या रिसालदारांकडे चला. मी दोन वर्षं शिकतोय. शिकवणीत अजून इंजिन चालू केलं नाहीये, पण बेसिक एकदम पक्कं झालंय." माझ्या तोंडात त्यांची हत्यारं होती, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

डॉक्टर अक्षरशः खरं सांगत होते. हातोदजवळच्या ओळखीच्या एका रिकाम्या शेतात आम्ही तीन रविवार इंजिन चालू न करता नुसते पडलो. डावीकडे पडायचं, उजवीकडे पडायचं, हँडल सोडून द्यायचं, मधे पाय घालायचा नाही. "ती पडते तर पडू दे," रिसालदार बांधावर बसून ओरडत. "तिला रोकायला जातो तोच लंगडा होतो." मग उचलणं. हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून उकिडवं बसायचं आणि गुडघ्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकायची. ज्या गाडीखाली मी दीड तास पडून होतो, ती चौथ्या रविवारी मी एकट्याने उभी केली. त्या दिवशी मला रडूच आलं. रिसालदारांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

पण कच्च्या रस्त्यावर जायचं नाव काढलं की ते मान हलवत. त्यांचा नियम होता, चार असल्याशिवाय डांबर सोडायचं नाही. "एक पडतो, दोघे उचलतात, चौथा हसतो." चौथ्याचं काम काय, असं मी विचारलं तर चिडले. "हसणारा नसला ना भिया, तर पडलेला माणूस घरी जाऊन पडतो. मग तो उठत नाही."

आणि चौथाच मिळेना. येईल त्याच्यासमोर मला नाहीतर डॉक्टरांना पडावं लागे आणि रिसालदार उमेदवाराचा चेहरा न्याहाळत. एक निवृत्त बँकवाले हळहळले. "तेराव्याला आल्यासारखं तोंड करतो," म्हणून बाद. एका सीएने फोन काढून शूटिंग सुरू केलं, तोही बाद. तिसरा हसला, पण रिसालदारांच्या मते नाकाने हसला. पावसाळा गेला. दिवाळी तोंडावर आली, आणि माझी गाडी जाणार हे मला दिसू लागलं.

दसऱ्याला गाड्यांची पूजा होती. "सोबत कोण आहे ते बघू तरी," म्हणून मेघना छत्रीबागेत आली. तिच्यावर छाप पाडावी म्हणून मी हारासकट गाडी मोठ्या स्टँडवर चढवायला गेलो आणि झेंडू, नारळ, गाडी असा सगळा लवाजमा घेऊन रांगोळीत आडवा झालो. मेघना हसली. आधी तोंडावर हात धरून, मग पायरीवर बसून, मग भिंतीला टेकून. डॉक्टर आणि रिसालदारांनी मला उचललं तरी तिचं थांबेना.

रिसालदार पुढे होऊन अदबीने म्हणाले, "सूनबाई, आप इतवार को खाली रहते हो क्या?"

"पण मला गाडी चालवता येत नाही."

"हसता येतं ना? बाकीचं शिकवता येतं."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघे निघालो. मेघना डॉक्टरांच्या मागे बसली, कारण माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. हातोदच्या पुढे डांबर संपलं. रिसालदार रिकिबीत उभे राहावेत तसे चंद्रीवर उभे राहिले. एक नाला आला, घोटाभर पाण्याचा. मी पार झालो. मेघनाला उतरवून डॉक्टर पार झाले. रिसालदार मात्र मधल्या शेवाळलेल्या दगडावर घसरले आणि चंद्री त्यांच्या पायावर आली. आम्ही धावलो. मी हँडल वळवलं, डॉक्टरांनी सीटला पाठ लावली, गाडी उभी राहिली. रिसालदार पाण्यात तसेच पडून, डोळे मिटलेले. मेघनाचा चेहरा पांढरा पडला होता.

"सूनबाई," डोळे न उघडता ते म्हणाले, "तुमचं काम राहिलं."

मेघना हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाडी विकायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

पुढच्या वर्षी रिसालदारांच्या गुडघ्याने दगा दिला आणि मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन गेली. जाताना चंद्रीची किल्ली त्यांनी मेघनाच्या हातात ठेवली. "चालवा, नका चालवू, तुमची मर्जी. पण फिरवत जा." रविवारी आम्ही तिघे रपेट करून छत्रीबागेत गाड्या फिरवायचो आणि डॉक्टरांच्या वरच्या खिशातल्या फोनवरून, व्हिडिओ कॉलवर, रिसालदार बघायचे. कुणी धडपडलं की खिशातून खो खो हसू यायचं. आमचे चार पुरे होत.

या श्रावणात मुलीचा फोन आला. झोपेत गेले.

त्यानंतरच्या रविवारी डांबर सोडायची आमची हिंमत झाली नाही. छत्रीबागेत जाऊन नुसत्या गाड्या फिरवल्या. मेघनाकडे चंद्री. दुसऱ्या फेरीला गटारावरच्या ओल्या फरशीवरून माझा पाय सरकला आणि मी गाडीसकट चिखलात आडवा झालो. डॉक्टर आणि मेघनाने गाड्या लावून मला उचललं. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. मग आम्ही तिघेही सवयीने डॉक्टरांच्या रिकाम्या खिशाकडे पाहत राहिलो. त्यांची इतकी आठवण मला बातमी आली त्या दिवशीही झाली नव्हती.

तेवढ्यात टेलरमास्टर बाटली घेऊन धावत आले. "पेट्रोल खतम हो..." एवढं म्हणाले आणि माझ्याकडे पाहून थांबले. माझ्या डोक्यापासून चिखल गळत होता, मिशीला कसलं तरी पान चिकटलं होतं. त्यांचे ओठ थरथरले. त्यांनी बाटली खाली ठेवली, गुडघ्यांवर हात टेकले आणि तो काळजीचा चेहरा फुटून ते असे हसू लागले की वरच्या खिडक्या उघडल्या.

मेघनाने पदराने डोळे पुसले आणि पुढे झाली.

"भिया, आप इतवार को खाली रहते हो क्या?"