दोन डाव्या बाह्या

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या दिराने भर कारखान्यात नाटकी म्हटलं, त्या दिवसापासून मी त्याच्यावर डूख धरून आहे. लोक म्हणतात, जाऊ दे, सोड. का सोडू? ताईने सोडलं तेवढं पुरे. घरात एकीने तरी लक्षात ठेवायला हवं की नाही?

कोट आणि गणवेश शिवायचा तो कारखाना ताईच्या नवऱ्याने आणि या धाकट्या दिराने मिळून काढला होता. पुढे नवरा गेला, आणि ताईच्या वाट्याला उरलं ते कापणीचं टेबल. पण काय कापायची बाई! त्या टेबलाशी उभी राहिली की तिचा रुबाब बघावा. मी कोपऱ्यात काज-बटणं करायचे, त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. दिराला शिस्तीचं भारी वेड, म्हणून मशीनवरच्या बायका त्याला पाठीमागे शिस्तभाऊ म्हणत.

कापणी सकाळची. दार उघडलं की आधी कापायचं, कारण कापल्याशिवाय एकही मशीन चालत नाही. आणि ताईचं दुखणं नेमकं सकाळचं. उठली की बोटं सुजलेली, मूठ मिटेना, कात्रीत अंगठा जाईना. ऊन चढलं की हात हळूहळू सुटायचे, आणि जेवणानंतर तर ती अशी सपासप कापायची की बघत राहावं. तेच तिला भोवलं.

"सकाळी आजारी आणि दुपारी ठणठणीत! असला कसला आजार हो वहिनी?" शिस्तभाऊ म्हणाला. "चांगली नाटकं शिकलात."

"भाऊजी, मी दुपारी कापून ठेवते, दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिवायला घ्या," ताई म्हणाली. "काम कुठे अडतंय?"

"म्हणजे आता तुमच्यासाठी इथली पद्धत बदलायची?"

मग एका सकाळी दार उघडल्या उघडल्या त्याने जाड लोकरीचं कापड टेबलावर टाकलं, सगळ्यांना भोवती उभं केलं आणि म्हणाला, "कापा." असं कापड दुमडून कापतात, म्हणजे एका कात्रीत एक बाही डावी निघते आणि एक उजवी. ते जड कापड दुमडायला तिच्या हातात जोरच नव्हता. तिने ते एकेरी पसरलं, एक बाही कापली, आणि कळा सोसण्याच्या नादात कागदी नमुना उलटा करायचा विसरून दुसरीही तशीच कापली. दोन्ही डाव्या. त्याने दोन्ही हातांत धरून त्या सगळ्यांना दाखवल्या. "दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक शोधा आता!" दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. कोण कोण ते मला नावानिशी ठाऊक आहे.

टेबल गेलं. ताईला माझ्या शेजारी बटणं लावायला बसवलं. सुजल्या बोटांत सुई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, तुझीच बोटं अशी वाकू देत, असं मी रोज त्याच्या पाठीकडे बघून पुटपुटायचे.

शेवटी मीच ताईला सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी सांगितलं, आमवात. शरीराचे पहारेकरीच चुकून आपल्या सांध्यांवर तुटून पडतात, आणि सकाळी हात आखडणं ही तर त्याची ओळखीची खूण. औषधाने ताईच्या कळा कमी झाल्या. पण नाटकी हा शिक्का आणि गेलेलं टेबल, त्यावर औषध नव्हतं.

वर्ष-दीड वर्षाने शिस्तभाऊ आमच्या दारात उभा. सोबत त्याची मुलगी. गालांवर लाल चट्टे, केस विरळ झालेले, पाय सुजलेले.

"वहिनी, तुमच्या त्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता."

मी ताईच्या आधी पुढे झाले. "का? पोरगी नाटकं करतेय?"

उत्तर पोरीनेच दिलं. "बाबा तेच म्हणतात, मावशी. वर्ष झालं."

मी शिव्याशाप दिले ते त्याला, आणि हा गडी तसाच धडधाकट. भोगायला पुन्हा बाईच!

ताईने पोरीला जवळ घेतलं आणि दिराला म्हणाली, "तुम्हीही चला. बाहेर थांबायचं नाही, आत यायचं."

दवाखान्यात बाकावर बघावं तिकडे बायकाच. आत डॉक्टरबाईंनी आधीच करून आणलेल्या तपासण्यांचे कागद पाहिले. ल्युपस, म्हणजे ताईच्या आमवाताचाच भाऊबंद, आणि मूत्रपिंडांना सूज. "इतके दिवस का थांबलात?" त्यांनी विचारलं.

शिस्तभाऊ वाकून बुटांवरची धूळ झटकू लागला.

"सांगा ना भाऊजी," ताई शांतपणे म्हणाली. "मला म्हणाला होतात तेच सांगा."

"नाटक वाटलं," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. काय गार वाटलं मला, काय सांगू!

मग मी विचारलं, "या रोगांना सापडतात त्या बायकाच कशा?"

"असे आजार असलेल्या पाचांत साधारण चार बायका असतात," त्या म्हणाल्या. "बायकांची प्रतिकारशक्ती मुळात जास्त तिखट. त्यात संप्रेरकं. शिवाय बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाच्या एक. दोन्ही पूर्ण जोरात चालू नयेत म्हणून शरीर एकाला गप्प बसवतं. गप्प बसवणारा जो रेणू असतो, त्याला चिकटलेल्या प्रथिनांनाच काहींचं शरीर शत्रू समजतं, असं अलीकडे दिसू लागलंय. पूर्ण उत्तर अजून नाही."

"घ्या! तिथेही एकीला गप्पच बसवायचं!" मी म्हटलं. त्या हसल्या.

पोरीने हळूच विचारलं, "मला हे आईकडून आलं की बाबांकडून?"

"एक एक्स आईचा, एक बाबांचा, सगळ्याच मुलींना. पण त्यातल्या कुणी तुला आजार दिला असं नाही हं. हे कुणाच्याही माथी मारता येत नाही."

पुढच्या तपासणीसाठी रक्त द्यायला ताई तिला घेऊन गेली. मी बाहेर येऊन बाकावर बसले. शिस्तभाऊ बायकांच्या गर्दीत अंग चोरून बसला होता.

"वहिनींना सांगा," तो म्हणाला, "उद्यापासून टेबल त्यांचं. कापणी दुपारी. मी सगळ्यांसमोर सांगतो."

झालं की! जे हवं होतं ते पदरात पडलं होतं. मी उठून जाऊ शकत होते. पण त्याने पुढे विचारलं.

"तुम्ही आत होतात. हे... हे माझ्याकडून गेलं का तिच्यात?"

मला सगळं उत्तर पाठ होतं.

"दोन असतात," मी म्हटलं. "त्यातला एक तुमचा."

त्याने तोंड झाकून घेतलं. खांदे हलायला लागले. समोरच्या बायका बघत होत्या, मीही बघत राहिले.

ताई पोरीला घेऊन बाहेर आली. "यांना काय झालं गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "डॉक्टर काय म्हणाल्या ते विचारत होते. सांगितलं."