लाल राहिलेला शनिवार

ताकोराडीच्या एबो क्वांसाला काम मिरवायची हौस होती, करायची नव्हती. दारावर पाटी, आत फिरती खुर्ची. बापाने बंदरात कोकोची पोती वाहून त्याला संगणक शिकवला. त्यातून एबो एवढंच शिकला, की एकदा केलेल्याची नक्कल मारली की झालं.

आजी वारली तेव्हा घराण्याचे प्रमुख ओटूमामा यांनी कामं वाटून दिली. बायकांकडे चुली, जावयांकडे मांडव, एबोकडे अंत्यविधीची वेबसाइट.

"नीट झाली तर घराण्याचं असलं सगळं काम तुझ्याकडे," मामा म्हणाले.

एबोला हेच हवं होतं. बाहेरचं गिऱ्हाईक त्याच्याकडे दुसऱ्यांदा येत नसे.

त्याने शनिवारच्या दफनाचं पान केलं. वर मेन्यूची पट्टी: आजी, शनिवार, रविवार, रस्ता. पान शनिवारचं, म्हणून 'शनिवार' लाल. इथवर ठीक. मग तेच पान उचलून त्याने बाकीची बनवली. आतला मजकूर बदलला, लाल रंग जिथल्या तिथे ठेवला. रविवारच्या पानावर 'रविवार' लाल करायचा, एवढंच होतं. हात धुवायला याहून जास्त वेळ लागतो.

मावसबहीण अराबाने फोन केला. "अरे, रविवार दाबला तरी शनिवारच लाल दिसतोय."

"ताई, तुझा फोन म्हातारा झालाय."

"फोन तुझ्या भाच्याचा आहे, नवा कोरा. आणि खाली वारही लिहिलेला नाहीस."

"वर पट्टी कशाला आहे मग? तू तुझे मासे तळ."

तिने तळले. एकही करपला नाही.

एबोने समोर जे पान उघडं होतं त्याचीच लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली. ते होतं रविवारचं, आभाराच्या प्रार्थनेचं. गावातल्यांनी एकमेकांना विचारून घेतलं; लांबच्या तेमा गावच्या मंडळींनी ते उघडलं. वर शनिवार लाल, खाली लिहिलेलं: सर्वांनी पांढरं नेसून यावं.

शनिवारी सगळे दुखवट्याच्या काळ्या-लाल कपड्यांत शवपेटीभोवती बसले होते. तेवढ्यात तेमाची बस आली आणि पांढरेशुभ्र पाहुणे ओळीने उतरले.

"पांढरं नेसलात? म्हातारी गेल्याचा एवढा आनंद?" मांडवातून एक म्हातारी म्हणाली.

तेमाची मावशीआजी तिथेच रडायला लागली. तिला मागच्या रांगेत बसवलं. सख्ख्या बहिणीचं शेवटचं दर्शन तिने दुसऱ्यांच्या खांद्यांवरून घेतलं.

मामांनी एबोला बोलावलं. थोरांपुढे चूक स्वतःच्या तोंडाने मांडायची नसते, म्हणून एबोने मामांसाठी दारूची बाटली देऊन एका वडीलधाऱ्याला बोलायला उभं केलं. तेही काम दुसऱ्याच्या तोंडून झालं. मामांनी बाटली ठेवून घेतली, मावशीआजीने माफ केलं.

संध्याकाळी एबोने लाल रंग सरकवला. फक्त रविवारच्या पानावर. रस्त्याच्या पानावर शनिवार तसाच लाल.

रविवारी प्रार्थनेनंतर मामा म्हणाले, "आजीच्या वर्षस्मरणाची वेबसाइट केप कोस्टची एक पोरगी करेल."

"मामा, बाकीची पानं मी आज करणारच होतो."

"हो," मामा म्हणाले आणि तेमाच्या मंडळींना निरोप द्यायला बसकडे गेले.