तपासणी खर्च आणि बायकोचे मामा

अन्यायाशी आयुष्यभर न थकता झुंजलेली जी मोजकी माणसं या गोदाकाठी होऊन गेली, त्यांत माझ्या बायकोच्या मामांचं नाव आदरानं घ्यावं लागेल. अन्याय बहुधा चाळीस रुपयांच्या आतला असे, ही गोष्ट वेगळी. त्याहून मोठ्या अन्यायांसाठी देशात न्यायालयं आहेत, पक्ष आहेत, वर्तमानपत्रं आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. चाळीस रुपयांखालच्या अन्यायाला मात्र कुणी वाली नाही, म्हणून तो त्यांनी पत्करला होता. वीजबिलातला पावणेतीन रुपयांचा ‘इतर आकार’, रेशनच्या दुकानातल्या काट्याखाली चिकटवलेली मेणाची गोळी, वणीला जाताना जीपवाल्यानं मांडीवरच्या नातवाचं घेतलेलं पूर्ण भाडं, अशा प्रकरणांत ते महिनोन् महिने लढले. नातू मोठा होऊन स्वतःचं पूर्ण भाडं भरायला लागला, तरी जीपवाल्यांच्या संघटनेशी मामांचा पत्रव्यवहार चालूच होता.

मामा मूळचे सटाण्याकडचे. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं आवक-जावक विभागात कारकून होते आणि निवृत्तीनंतर पंचवटीत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि तो पुढे पाठवायचा, हे काम एकतीस वर्षं केल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही, असं ते मनापासून मानत. आमच्या मुलीच्या बारशाची पत्रिका मी स्वतः नेऊन दिली, तर त्यांनी दोन प्रती मागितल्या आणि एकीच्या कोपऱ्यात ‘मिळाली, सायं. ५.४०’ असं लिहून सही करून ती मला परत दिली. बायकोनं पुरणपोळ्यांचा डबा पाठवला की रिकाम्या डब्यातून चिठ्ठी यायची : ‘नग सहा पोचले. एक किंचित करपलेला. आभारी आहे.’ बायको आधी चिडायची, मग हसायची आणि पुढच्या वेळी नग सात पाठवायची.

पण त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. रांगेत कुणी पुढे घुसलं, सुट्टे पैसे कमी दिले, तोंडावर ‘म्हाताऱ्याला काम नाही’ म्हटलं, तरी मामा शांतपणे समोरच्याचं नाव आणि हुद्दा विचारून घेत. मी एकदा म्हटलं, “मामा, एवढं बोलला तो तुम्हाला. तुम्ही दोन शब्द सुनावायचे होतेत.” त्यावर ते म्हणाले, “जावईबापू, ओरडण्याची नोंद कुठं होते? अर्जाची होते.” त्यांचा राग ओळखायची खूण एकच होती : ते अर्जाला समास मोठा सोडत. बोटभर समास म्हणजे नाराजी, दोन बोटं म्हणजे संताप. तीन बोटं समास सोडलेला अर्ज मी हयातीत एकच पाहिला, आणि तो माझ्यासाठी होता.

माझा पंचवटीत लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, देवळांची पावतीपुस्तकं, द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, शाळांच्या सहामाहीचे पेपर. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास धंदा वाढवायचा म्हणून मी बँकेकडून पन्नास हजारांचा ओव्हरड्राफ्ट घेतला. म्हणजे खात्यात पैसे नसले तरी पन्नास हजारांपर्यंत काढायची परवानगी. मी चार चांगली पुस्तकं वाचलेला माणूस होतो. बँकेचा खातेउतारा त्यांत नव्हता. तो दर तिमाहीला यायचा आणि मी तो फाइलला लावायचो. ऐन लग्नसराईच्या तोंडावर कागदवाल्या शेठना दिलेला माझा चेक न वटता परत आला. सोबत निरोप होता, “शेठनी सांगितलंय, आता रोख पैसे आणा आणि कागद न्या.”

चाळीस लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी मी घेतल्या होत्या. त्यांची आगाऊ रक्कम मशीनच्या दुरुस्तीत गेली होती. रोखीनं कागद घ्यायला पैसे नव्हते आणि कागद नाही म्हणजे पत्रिका नाहीत. दोन आठवड्यांत छापखान्याला कुलूप लागलं असतं आणि चाळीस वधूपिते दारात उभे राहिले असते. बायकोनं मला न विचारता मामांना बोलावलं.

मामा आले, चष्मा पुसला आणि वर्षभराचे उतारे मागितले. पट्टी घेऊन एकेका ओळीखाली ती सरकवत त्यांनी ते दोन तास वाचले. एका ओळीपाशी पट्टी थांबली.

“जावईबापू, दर तिमाहीला सव्वाशे रुपये ‘तपासणी खर्च’ टाकलाय. तपासायला कोण येतं?”

“कसलं तपासायला?”

“कर्ज मालाच्या तारणावर आहे. तो माल जाग्यावर आहे का, ते बघायला. कोण येतं?”

“कोणी नाही. कर्ज देताना एकदा एक साहेब आले होते. चहा घेऊन गेले.”

“चहाचे पैसे लावलेत का?” त्यांनी खरोखर तपासून पाहिलं. लावले नव्हते.

मग त्यांनी मला माझीच गोष्ट समजावून सांगितली. न झालेल्या तपासणीच्या खर्चामुळे माझं खातं मर्यादेच्या शहाऐंशी रुपये वर गेलं होतं. वर गेलं म्हणून जादा व्याज. जादा व्याजानं ते आणखी वर गेलं, म्हणून शेठचा चेक परत. चेक परत गेला म्हणून परतीचा दंड, आणि तो दंड खात्यात टाकल्यानं खातं पुन्हा मर्यादेबाहेर, म्हणून पुन्हा जादा व्याज. दंड भरायला पैसे नसल्याबद्दल मी दंड भरत होतो. एकूण एक हजार नऊशे बारा रुपये चाळीस पैसे.

मी घाबरट माणूस. म्हटलं, “मामा, जाऊ द्या. त्याच बँकेकडून मला मर्यादा वाढवून घ्यायचीय. उगाच वैर नको.”

“वैर कुठं? पत्रव्यवहार.” आणि त्यांनी कोऱ्या कागदावर तीन बोटं समास सोडला.

चारच दिवसांत शेठनी आपण होऊन उधारी पुन्हा सुरू केली. पण आधीच्या निम्मी आणि एका ताकिदीसह : पुन्हा एक चेक परत आला, तर कायमचं बंद. बाजारात आपली काहीतरी पत आहे, असं वाटून मी दोन दिवस छाती पुढे काढून हिंडलो. पत्रिका वेळेवर गेल्या. पण दर तिमाहीला ते सव्वाशे रुपये पडतच राहिले आणि प्रत्येक चेक देण्याआधी मी बँकेत फोन करून शिल्लक विचारायला लागलो. मला वाटायचं, बँकेनं काही का होईना, निम्मे पैसे परत देऊन मिटवावं. मामांना पैसे नकोच होते. त्यांना बँकेच्या कागदावर एक वाक्य हवं होतं : चेक परत गेला ती चूक आमची. “पैसे काय, खर्चून जातील. शेठच्या मनातला डाग या वाक्यानं जाईल,” ते म्हणाले.

पुढले चौदा महिने दर सोमवारी मामा बँकेत जाऊन बसत. अर्जामागून अर्ज गेले आणि प्रत्येकाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घेऊन आले. आधी त्यांना बाकावर बसवत, मग खुर्ची मिळाली, मग पंख्याखालची खुर्ची मिळाली. जुन्या नाशकातले एक थोरले कॅशियर त्यांच्याकडून स्वतःच्या मेडिकल बिलाचा मजकूर तपासून घेऊ लागले. मॅनेजर मात्र नवीन होते, नागपूरकडून बदलून आलेले, वैतागलेले. बँकेत नुकतेच कॉम्प्युटर आले होते.

“काका, मी काय करू? ते सिस्टीममधूनच लागतं,” मॅनेजर म्हणाले.

“मग सिस्टीमला लिहितो. कुणाच्या नावे लिहू?”

“काका, चला, माझ्या अधिकारात निम्मे परत करतो. गुडविल म्हणून.”

“उपकार नको साहेब. तपासणी झाली असेल तर अहवाल असणार. त्याच्या प्रती द्या. तपासण्या झाल्या असतील तर मी पुन्हा पायरी चढणार नाही.”

हे आमिष मोठं होतं. पंधरा दिवसांत अहवालांच्या प्रती मिळाल्या. चार तिमाहींचे चार अहवाल. चारही एकाच हातचे, एकाच शाईतले, आणि चारही वेळा माझ्याकडे बरोबर चौदा रिम कागद. लग्नसराईत चौदा आणि आषाढातही चौदा. मला तेवढ्यानंच आनंद झाला, पण मामा समाधानी नव्हते. त्यांनी त्या वर्षीचं कॅलेंडर मागवलं, एकेका तारखेवर बोट ठेवत गेले आणि दुसऱ्या अहवालापाशी एकदम ताठ बसले. मामांच्या तोंडी अहिराणी फक्त अत्यानंदात यायची. “हाई काय शे!” ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. आतून बायको पोळपाट टाकून धावत आली.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. मामांनी तो अहवाल मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला.

“साहेब, आपला अधिकारी या तारखेला दुपारी बारा वाजता छापखान्यात आला होता?”

“लिहिलंय ना.”

“आणि हा अहवाल जागेवर बसून लिहिला, असंही खाली छापलंय.”

“हो. मग?”

“त्या दिवशी रंगपंचमी होती.”

मॅनेजरांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांच्याकडे रंग धुळवडीला खेळून संपतो. पण काचेपलीकडे नोटा मोजणारे थोरले कॅशियर थांबले. ज्यांनी नाशिकची रंगपंचमी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : आमच्याकडे चौकाचौकांत जमिनीखाली दगडी हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्या मातीनं बुजवलेल्या असतात. रंगपंचमीला रंगीत पाण्यानं भरून उघडतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला उचलून त्यात टाकतात. तिथं हुद्दा विचारत नाहीत. माझ्या छापखान्याकडे यायची वाट रहाडीच्या चौकातूनच जाते.

“साहेब,” मामा अत्यंत नम्रपणे म्हणाले, “माणूस सुटला असेल एक वेळ. पण या कागदावर रंगाचा एक ठिपका नाही.”

थोरले कॅशियर इतके हसले की मोजलेल्या नोटा त्यांना पहिल्यापासून मोजाव्या लागल्या. “साहेब, द्या हो लिहून,” ते डोळे पुसत म्हणाले. “मी जन्मलो इथं. त्या दिवशी त्या गल्लीत पोलीससुद्धा जात नाही.” मॅनेजरांनी अहवाल पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी घंटी वाजवून टायपिस्टला बोलावलं.

एक हजार नऊशे बारा रुपये चाळीस पैसे खात्यात परत जमा झाले. मधल्या काळातले सव्वाशेही आले. आणि शेठच्या नावे पत्र आलं, बँकेच्या कागदावर, सहीशिक्क्यासह : ‘सदर चेक आमच्या चुकीमुळे परत गेला, खातेदाराचा दोष नाही.’ मी ते स्वतः शेठना नेऊन दिलं. त्यांनी ते वाचलं, गल्ल्यात ठेवलं आणि त्या दिवसापासून माझी उधारी पूर्ववत झाली. मॅनेजरांच्या बदलीच्या सामानाचं बिल त्यांच्याच मुख्य कचेरीत सहा महिने अडकलं होतं. त्याचा अर्ज मामांनी लिहून दिला, एक बोट समास सोडून. बिल तीन आठवड्यांत मंजूर झालं. पुढे ते साहेब नागपूरला परत गेले, तरी दिवाळीला त्यांचं कार्ड मामांना न चुकता यायचं.

आज छापखान्यात ऑफसेट आहे, मुलगी तो बघते आणि बँकवाले स्वतः फोन करून कर्ज हवं का विचारतात. यातलं जे काही उभं आहे, त्याचा पाया त्या चौदा महिन्यांतल्या सोमवारांनी घातला. मी मामांचे आभार मानायला एकदाच गेलो, तर ते म्हणाले, “तोंडी आहेत का लेखी?” मी लेखी देईन म्हणालो आणि ते राहून गेलं. दोन हजार चारच्या हिवाळ्यात मामा गेले. झोपेत, कुणाला काही न कळवता. हे त्यांच्या स्वभावाला अजिबात धरून नव्हतं.

तेराव्याला शेठ आले. थकले होते, काठी घेऊन आले. मला बाजूला घेऊन त्यांनी खिशातून एक घडी काढली. “हे तुमच्याकडे राहू द्या. माझ्या पोरांच्या हाती नको पडायला.”

तो स्टॅम्पपेपर होता. चेक परत आला त्याच्या तिसऱ्या दिवशीचा. मामांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘जावईबापूंना कागदाची उधारी सुरू ठेवावी, त्यांनी पैसे बुडवल्यास जबाबदारी माझी, आणि त्यापोटी मी राहत असलेले घर तारण समजावे.’

“शेठ, तुम्ही मला कधी बोलला नाहीत,” मी म्हणालो. बाजारातली माझी ती पत आठ वर्षांनी माझ्या हातात होती, चार घड्या घातलेली.

“त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, पोराला कळलं तर त्याची मान खाली जाईल.” शेठनी उपरण्यानं डोळे टिपले. “मी काय, ऐकून घेत होतो, नाहीच म्हणणार होतो. पण राहतं घर लिहून देणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, सांगा.”

मी कागद पुन्हा वाचला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग शेठना हात धरून पानावर नेऊन बसवलं. त्या घराचं भाडं महिना पंच्याण्णव रुपये होतं आणि मामांनी ते कधी थकवलं नव्हतं.