वयनी मरणा नाय

मी माझ्या सख्ख्या वहिनीवर गणपतीसमोर भाले फेकले, आणि सगळं घर ते टीव्हीवर बघत होतं.

आता पन्नाशी उलटल्यावर लपवून काय करायचं? बोलण्यात मी कच्चाच. कॉलेजात संगणक शिकवतो, आणि फावल्या वेळात एक खेळ बनवत होतो. मालवणचा समुद्र, होडीत आपण, पाण्यात जाळं आणि ते फाडायला येणारी भलीमोठी मोरी (म्हणजे शार्क, एरवी आम्हीच तिला मसाला लावून खातो). भाले मारले की ती मरायला हवी. मरतच नव्हती.

खेळ लिहिताना घोडं कुठे अडलंय ते कळावं म्हणून टप्प्याटप्प्यावर एकेक ओळ छापायची सोय असते. पडद्यावरच्या काळ्या चौकटीत, 'कन्सोल'वर, त्या ओळी पटापट उमटतात. शहाणी माणसं तिथे 'शत्रू आला' वगैरे लिहितात. मी मोरीला वहिनीचं नाव दिलं, तेही आमच्या मालवणीत: 'वयनी'. (तोंडावर बोलायची छाती नव्हती. ती चौकट वाचणारा मी एकटाच, असा माझा समज.)

आणि त्याच वर्षी चतुर्थीला वहिनी दादाबरोबर कुडाळहून गावच्या घरी आली ती फुरंगटून. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "फुडल्या वर्साक आमचो गणपती येगळो. कुडाळाक."

पिढ्यान् पिढ्या एकत्र असलेला गणपती वेगळा! दादाचं तोंड उतरलं. त्याने मला पडवीत ओढलं. "अरे, तिका जरा खूश कर. तुझो तो खेळ दाखय टीव्हीर."

मी उत्साहात केबल जोडली. अर्ध्या टीव्हीवर समुद्र आला, उरलेल्या अर्ध्यावर काळी चौकट. ती बंद करायची राहिली होती. आणि दादाला दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड; एसटीतून जाताना तो दुकानांच्या पाट्याही सोडत नाही.

"वयनी इली," दादाने वाचलं.

वहिनी खुलली. "अगो बाय, माझा स्वागत?"

"वयनीन जाळा फाडल्यान."

"कोणाचा जाळा?"

बंद करायच्या घाईत माझं बोट भाल्याच्या बटणावर पडलं, आणि थिजून तिथेच राहिलं.

"वयनीक भालो लागलो. वयनीक भालो लागलो. वयनी मरणा नाय."

"दादा, वाचू नको रे."

"लिवलेला आसा ता वाचतंय. वयनी मरणा नाय. वयनी मरणा नाय..."

ओळी थांबेनात, दादाही थांबेना. माझ्या बायकोने तोंडात पदर कोंबला. मी धावत जाऊन प्लग उपटला, तर गणपतीची आरास विझली. टीव्ही दुसऱ्या बोर्डावर होता.

वहिनी उठून उभी राहिली. "भावजी, ती मोरी म्हणजे मी?"

"होय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खरं बोललो. "तुमचा नाव दिसला की माझी झोप उडता. चूक सापडाक बरा पडता."

"आणि चूक कसली?"

"कितीय भाले मारा, ती मरणा नाय."

वहिनीने टीव्हीकडे पाहिलं. मोरी संथपणे फिरत होती, पाठीत भाले घेऊन. वहिनी पुन्हा खुर्चीत बसली.

"ती चूक नाय. तसाच ठेवा," ती म्हणाली. "आणि फुडल्या वर्साक मी हयच येतलंय. नायतर माझ्या पाठीमागसून दुरुस्त करशात."

गणपती एकच राहिला. आता दर चतुर्थीला आरती झाली की सगळे खेळायला बसतात. वहिनी मोरीच्या बाजूने टाळ्या वाजवते, दादा ओळी वाचतो, आणि ज्याने हा खेळ बनवला तो दरवर्षी सगळ्यांत आधी बुडतो.