दुसरा दॅट

छापखान्यात तिला सगळे शंकाताई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. मजकुरात चूक दिसली की ती सरळ दुरुस्त करून टाकी. पण चूक नसूनही काही खटकलं, तर समासात पेन्सिलीने गोल काढून शेजारी लिही : ‘शंका’. एकदा बियाण्यांच्या माहितीपत्रकावर तिने लिहिलं होतं, ‘शंका : हे रोप उन्हात ठेवायचं की सावलीत? पान दोन आणि पान सात यांचं आपसांत पटत नाही.’ बियाणेवाल्यांनी तीन दिवस डोकं खाजवलं आणि कळवलं, की दोन्ही पानं चुकली आहेत.

इंग्रजी ती शिकली ती कानाने. छापखान्यात लागली तेव्हा तिचं काम एवढंच, की मूळ प्रत मोठ्याने वाचायची. समोर म्हातारे मुद्रितशोधक कच्च्या छापावर नजर रोवून बसत. स्वल्पविराम आला की तिने टेबलावर एक टिचकी मारायची, पूर्णविराम आला की दोन. सहा वर्षं इंग्रजी वाक्यं अशी टिचक्यांसकट तोंडातून गेली. नियम विचारले तर ती अडखळे, पण वाक्य कुठे लंगडतंय ते तिला चालीवरून कळे. म्हातारे निवृत्त झाले आणि खिडकीखालची त्यांची खुर्ची तिच्याकडे आली. लेक पुढे शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाली, त्यामुळे घरात नियमांचीही सोय झाली.

त्या वर्षी एका चौकशी समितीचा अहवाल छापायला आला. एका मोठ्या कचेरीची लिफ्ट बुधवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून खाली आदळली होती. आतल्या दोघांचे पाय मोडले. लिफ्टचा मेकॅनिक त्याच आठवड्यात घरी बसवला गेला. समितीने चार महिने साक्षी घेतल्या आणि सत्तावन्न पानांचा इंग्रजी अहवाल तयार झाला. आठ दिवसांत छापून द्यायचा होता.

शंकाताई पट्टी ओळीखाली ठेवून वाचत वाचत एकेचाळिसाव्या पानावर आली आणि थांबली. वाक्य साधंच होतं : ‘द मेकॅनिक स्टेटेड दॅट ऑन ट्यूजडे ही हॅड एक्झामिन्ड द रोप अँड इन्फॉर्म्ड द मॅनेजर इन रायटिंग.’ म्हणजे, मेकॅनिकने सांगितलं की मंगळवारी त्याने दोर तपासला आणि मॅनेजरला लेखी कळवलं.

स्पेलिंग बरोबर. व्याकरण बरोबर. तरी पट्टी काही पुढे सरकेना.

तिने आधीची पानं पुन्हा चाळली. अहवाल लिहिणाऱ्याची एक सवय होती. साक्षीदाराने दोन गोष्टी सांगितल्या की तो दोन दॅट लिही. रखवालदाराने सांगितलं दॅट अमुक, अँड दॅट तमुक. कारकुनाने सांगितलं दॅट हे, अँड दॅट ते. दॅट म्हणजे आपला ‘की’. दुसरा दॅट म्हणजे ‘आणि असंही की’. तिने पेन्सिलीने खुणा करत मोजलं. अहवालभर साक्षींतले दॅट जोडीजोडीने नांदत होते. मेकॅनिकच्या वाक्यातला तेवढा एकटा पडला होता.

का बरं?

आणि मग तिची नजर ऑन ट्यूजडेवर गेली. मंगळवार पहिल्या दॅटच्या लगेच नंतर बसला होता. पुढे दुसरा दॅट नाही, त्यामुळे त्याला अडवणारं कोणी नाही. दोर तपासला तोही मंगळवारी आणि मॅनेजरला कळवलं तेही मंगळवारीच. दुसरा दॅट असता, तर मंगळवार दोराशीच थांबला असता आणि मॅनेजरला कधी कळवलं हा प्रश्न उघडा राहिला असता.

इथवर ही नुसती गंमत होती. पण सेहेचाळिसाव्या पानावर समितीने निष्कर्ष काढला होता, की मॅनेजरच्या आवक वहीत मंगळवारच्या तारखेला मेकॅनिकचं कोणतंही पत्र नाही, सबब या साक्षीदारावर विश्वास ठेवता येत नाही. आणि अगदी शेवटी, परिशिष्टांच्या यादीत, अकरा नंबरला लिहिलं होतं : ‘मेकॅनिकचे मॅनेजरला पत्र, दोराच्या तुटलेल्या तारांबाबत.’ तारीख अपघाताच्या तीन आठवडे आधीची. या पत्राचा उल्लेख अहवालात दुसरीकडे कुठेही नव्हता.

तिने गोल काढला. शंका लिहिलं. आणि खुर्चीवरून उठली.

मालक कागदाच्या रिळांशी हुज्जत घालत उभे होते. तिने पान त्यांच्यापुढे धरलं.

“बाई, चूक आहे का?” त्यांनी विचारलं.

“चूक नाही.”

“मग?”

“एक शब्द गेलाय असं वाटतंय.”

“वाटतंय! अहो, आपण छापतो. न्यायनिवाडा करत नाही. मूळ प्रतीत आहे का तो शब्द?”

“नाही.”

“झालं तर मग. मूळ प्रतीत नाही, छापात नाही. दोन्ही जुळतंय.” आणि ते पुन्हा रिळांकडे वळले.

संध्याकाळी घरी तिने ते वाक्य लेकीला म्हणून दाखवलं. लेक वह्या तपासत होती. मान वर न करताच ती म्हणाली, “आई, दुसरा दॅट नाही लिहिला तरी चालतो. मीच मुलांना सांगते, उगाच भरताड करू नका.”

“चालतो ते मलाही माहीत आहे. पण तो नसला की मंगळवार कुठवर जातो?”

“कुठवर म्हणजे?”

“हे बघ. दोन खोल्या आहेत. मधे दार नाही. पहिल्या खोलीत पाहुणा आला, तर तो दुसरीतही जाणारच ना? मधे दार लावलं, तर पहिलीतच बसेल.”

लेकीने लाल पेन खाली ठेवलं. वाक्य दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं. मग मंगळवार उचलून वाक्याच्या शेवटी टाकला, मधे टाकला, स्टेटेडच्या आधी टाकला. “अगं बाई! इथे टाकला तर साक्षच मंगळवारी दिली असं होतं,” ती म्हणाली आणि हसायला लागली. दोघी तासभर त्या एका वाराला वाक्यातून फिरवत बसल्या. भाजी करपल्याचा वास आला तेव्हा कुठे उठल्या.

“पण आई,” जेवताना लेक म्हणाली, “दुसरा दॅट मुळात होताच हे कशावरून? तो माणूस खरंच तसं बोलला असेल. मंगळवारी तपासलं आणि मंगळवारीच कळवलं. खोटंही बोलला असेल.”

“असेल ना. तेच तर बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी तिने समितीच्या सचिवांना फोन लावला. सचिव घाईत होते. प्रत अंतिम आहे, म्हणाले. मग म्हणाले, की अहवालाची भाषा फार बोजड झाली होती म्हणून एका निवृत्त प्राध्यापकांकडून ती हलकी करून घेतली; त्यांनी अनावश्यक शब्द काढले. निष्कर्षाची पानं मग त्या हलक्या केलेल्या प्रतीवरून लिहिली गेली. “का हो? काही राहिलंय का?”

“राहिलंय की काढलंय, तेच कळत नाहीये,” शंकाताई म्हणाली. “साक्षी लिहून घेणारं कोण होतं?”

जेवणाच्या सुट्टीत ती पान घडी न घालता पुठ्ठ्यात धरून समितीच्या कचेरीत गेली. दोन बसगाड्या बदलाव्या लागल्या. साक्षी लिहून घेणारी स्टेनो फायलींच्या कपाटामागे डबा उघडून बसली होती. काम ऐकून तिने डब्याचं झाकण लावलं.

“ताई, चार महिने मी लिहीत होते. आजवर एकानेही माझी वही मागितली नाही,” ती म्हणाली आणि खालच्या कप्प्यातून वह्यांचा गठ्ठा काढला.

वहीत लघुलिपीच्या नुसत्या रेघा, वळणं, वळणांवर ठिपके. शंकाताईला त्यातलं काही कळेना, पण तिचे डोळे चमकले. “हे काय आहे? आणि हे? ठिपका वर दिला तर काय होतं?” स्टेनोने दोन-तीन खुणा समजावल्या, मग पान सापडताच बोट ठेवून संथपणे वाचलं. मेकॅनिक इंग्रजी बोलला नव्हता, आपल्याच भाषेत बोलला होता, आणि तिने ते जसंच्या तसं उतरवलं होतं : “मंगळवारी मी दोर बघितला. साहेबांना लेखी कळवलं होतं.”

“होतं?” शंकाताईने विचारलं. “कळवलं, की कळवलं होतं?”

“कळवलं होतं. ही बघा ना खूण. मी कशाला वाढवीन?”

म्हणजे दोर बघितला मंगळवारी, आणि कळवलं होतं त्याच्याही आधी. ते ‘होतं’ इंग्रजीत आणताना कोणीतरी दुसरा दॅट घातला होता. स्टेनोने पहिला इंग्रजी मसुदा शोधून काढला. होता, तिथेच होता : ‘अँड दॅट ही हॅड इन्फॉर्म्ड’. प्राध्यापकांच्या हिरव्या शाईने दॅट, ही आणि हॅड हे तिन्ही शब्द एका रेघेत छाटले होते. शेजारी नीटस अक्षरात लिहिलं होतं, ‘पुनरुक्ती’.

प्राध्यापकांचा राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. तिनेही अशा कितीतरी पुनरुक्त्या आनंदाने छाटल्या होत्या. त्यांतल्या किती खरंच पुनरुक्त्या होत्या, हा विचार मात्र डोक्यात घुसला तो घुसलाच.

समितीचे अध्यक्ष त्या दिवशी नेमके कचेरीत होते. स्टेनो तिला आत घेऊन गेली. उंच, शांत गृहस्थ. त्यांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या आणि चष्मा काढला.

“बाई, तुमचं म्हणणं मान्य. पण दुसरा दॅट घातल्याने पत्र आधी दिलं हे सिद्ध होत नाही. एवढंच होतं, की मंगळवारी दिलं असं तो म्हणाला नाही.”

“बरोबर आहे, साहेब. दॅट नुसता वाट मोकळी करतो. तारीख अकरा नंबरच्या पत्रावर आहे.”

“अकरा नंबर?”

तिने परिशिष्टांची यादी पुढे केली. अध्यक्षांनी सचिवांना बोलावलं. सचिवांनी फाईल आणली. पत्र आलं. मेकॅनिकचं वेडंवाकडं अक्षर, आणि कोपऱ्यात मॅनेजरच्या कचेरीचा पोच शिक्का, त्याच तीन आठवडे आधीच्या तारखेचा.

“हे आपल्याकडे होतं?” अध्यक्षांनी विचारलं.

“होतं, साहेब,” सचिव हळूच म्हणाले. “पण मंगळवारचं पत्र शोधायचं होतं ना, म्हणून आम्ही मंगळवारच पाहत राहिलो.”

अहवाल छपाईतून मागे घेतला गेला. मालकांनी दोन दिवस तोंड फुगवलं, कारण यंत्र रिकामं ठेवावं लागलं होतं. तिसऱ्या दिवशी सुधारित पानं आली. एकेचाळिसाव्या पानावर छाटलेले तिन्ही शब्द परत आले होते. सेहेचाळिसाव्या पानावरचा परिच्छेद गेला होता, आणि त्याजागी मॅनेजरला इशारा मिळूनही लिफ्ट बंद का केली नाही, याबद्दल सव्वा पान आलं होतं.

अहवाल जाहीर झाल्यावर मेकॅनिक छापखान्यात आला. स्टेनोने त्याला पत्ता दिला होता. मोठ्या हातांचा, संकोची माणूस. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

“ताई, माझा कोणतातरी शब्द तुम्ही शोधलात म्हणे. बघू का?”

तिने पान उघडून बोट ठेवलं.

“काय अर्थ त्याचा?”

शंकाताई विचारात पडली. “त्याला स्वतःचा असा अर्थ नाही हो. नुसता ‘की’.”

“मग लिहितात कशाला?”

“तुम्ही नट बसवता, त्याच्याखाली चकती घालता ना?”

“वॉशर. घालतो. पण ती नट घट्ट बसावा म्हणून. हा काय घट्ट करतो?”

“घट्ट नाही करत. वेगळं ठेवतो,” ती म्हणाली आणि मग स्वतःशीच पुटपुटली, “नाही, वॉशरचं उदाहरण जमलं नाही.” तिने स्टूल ओढलं, त्याला बसवलं आणि कोऱ्या कागदावर ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण यंत्राचा आराखडा बघावा तसा तो कागद बघत होता. मधेच म्हणाला, “थांबा, हा मंगळवार इथून काढून पलीकडे बसवला तर?” आणि तिने बसवून दाखवला.

त्याला कामावर परत घेतलं, पण त्या इमारतीत जायला तो तयार झाला नाही. आता तो दुसऱ्या कचेरीच्या चार लिफ्ट सांभाळतो आणि पत्रांची पोच स्वतःच्या वहीत चिकटवून ठेवतो. मॅनेजरची बदली झाली, तेवढंच झालं. मालकांनी नियम केला, की शंका समासात न लिहिता वेगळ्या कागदावर लिहून आधी त्यांना दाखवायच्या. शंकाताईने नियम पाळला. पहिल्या महिन्यात तिने त्यांच्या टेबलावर एकशे बारा कागद नेऊन ठेवले. दुसऱ्या महिन्यात मालकांनी समास पुन्हा खुला केला.

दर शनिवारी दुपारी ती स्टेनोकडे जाते. खुणांची लिपी शिकतेय. अजून ठिपका वर की खाली यात गल्लत होते.