साहेबाच्या भिंतीवरचा आसूड

अख्ख्या नेदरलँडमध्ये आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यासारखा दुसरा माणूस नाही, हे मी कुणापुढंही सांगीन. नव्वदीला टेकलेला, पण काठीसारखा ताठ. थंडीनं झाडं करपतात, तरी हा आपला इस्तरीची अर्धी चड्डी अन् गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला निघणार. डोक्यावर टोपी, तीही पूर्वी गोरे साहेब शिकारीला जाताना घालायचे तसली, टणक, टोपलीसारखी. मी पोराकडं टिलबर्गात राहायला आले त्याच आठवड्यात एका सकाळी दारात बसून चपला आपटत होते. आमच्या गावाकडं विंचू लई, पायताण झटकल्याबिगर पाय घालायचा नाही, ही लहानपणची सवय. बघते तर पलीकडच्या दारात हाही आपले बूट उंबऱ्यावर आपटतोय. ह्या गावात विंचू कुठला आलाय? माशीसुद्धा इथं चार दिवस जगत नाही. त्यानं बोट वाकवून नांगी करून दाखवली, मीही करून दाखवली, अन् दोघं खदाखदा हसलो. अशी आमची ओळख.

बोलायचं कसं, तर माझी शाळा दुसरीपर्यंत. डच म्हणाल तर 'डांक यू वेल' एवढंच येतं. पोरानं माझ्या फोनात सोय करून दिली. साहेब बोलला की फोनमधली बाई मला मराठीत सांगणार, मी बोलले की त्याला त्याच्या भाषेत. बाई कामाची, पण आवाज एकसुरी. बटाटा उकडला तरी तोच आवाज, माणूस मेला तरी तोच. त्या बाईकडून मला कळलं की हा मूळचा बेल्जियमचा. बाविशीतच सरकारनं त्याला आफ्रिकेत काँगोला पाठवलं. तेव्हा तो मुलूख बेल्जियमच्या ताब्यात होता, अन् तिथल्या एका टापूचा हा साहेब. आपल्याकडचा मामलेदार, फौजदार, जज्ज अन् इंजिनेर एकात मळून गोळा केला तर जे होईल ते. तीन-साडेतीन वर्षं झाली न झाली तो देश स्वतंत्र झाला अन् ह्याला पेटी उचलून परत यावं लागलं. पुढं इथं येऊन गिरणीच्या हापिसात जन्म काढला, लग्न केलं, पोरगी वाढवली, बायको गेली. पण त्यातलं अवाक्षर कधी बोलणार नाही. विचारलं तर म्हणायचा, "ते काय, तसंच आपलं." त्याच्या लेखी तो जगला तो त्या साडेतीन वर्षांतच.

अन् साहेबी काही सुटली नव्हती. रोज सकाळी हात मागं बांधून गल्लीची तपासणी. कुणाची सायकल वाकडी, कुणाचं झुडपांचं कुंपण वाढलं, सगळं बघणार. एकदा समोरच्या दोघी बायका कुंपणावरून भांडत होत्या. ह्यानं घरातून टेबल आणलं, फुटपाथावर मांडलं, टोपी घातली अन् बसला न्याय करायला. दोघींना आळीपाळीनं बोलायला लावलं, निकाल दिला, टेबलावर मूठ आपटली. त्या हसून हसून लोळल्या, पण कुंपण कापलं बरं का! जेवणात तर लईच नखरा. डच लोकांचं त्याला काहीच चालायचं नाही. "हे लोक बटाट्याचा खून करतात, मॅडाम," म्हणायचा. मी दुपारी ज्वारीची भाकरी न्यायची, तर तो ती सुरी-काट्यानं कापून खायचा, मांडीवर रुमाल टाकून. ठेचा जिभेला लागला की डोळ्यातून पाणी, पण तोंडातून आवाज नाही. म्हणायचा, "साहेबानं हाय-हाय करायचं नसतं." दिवसभर पोर अन् सून कामाला, नात शाळेत. मला त्या गल्लीत बोलायला तो एकच.

त्याच्या बैठकीच्या भिंतीवर एक आसूड टांगलेला होता. पिळाचा, जाड, वाळून काळा पडलेला. मी पहिल्यांदा बघितला तसे हात जोडले. आमच्याकडं पोतराज येतो, मरीआईचा. तो असा आसूड स्वतःच्या उघड्या अंगावर ओढतो, अख्ख्या गावाची पीडा आपल्या पाठीवर घेतो. मला वाटलं, कुठं का असेना, देवीचं माणूस दिसतंय. एवढा मोठा साहेब असून स्वतःला मारून घेतो, म्हणजे मन किती मोठं! मंगळवारी त्या आसुडाला मी हळदकुंकू लावायची. साहेब खुर्चीत ताठ बसून बघायचा, त्याचा ऊर भरून यायचा. एकदा म्हणाला, "माझ्या नोकरीला मान देणाऱ्या तुम्ही एकट्याच. माझी पोरगी तर म्हणते, तो कचऱ्यात टाका."

असं वरीसभर चाललं. मग आषाढ लागला. देवीचा महिना, म्हणून मी खोबरेल कोमट करून घेऊन गेले. म्हणलं, "साहेब, सदरा काढा. इतकी वर्षं मारून घेतलंय, पाठ ठणकत असंल. चोळून देते."

फोनमधल्या बाईनं सांगितलं. साहेबानं हात मागं नेऊन पाठ चाचपली.

"माझ्या पाठीला काय झालंय?"

"आसुडाचे वळ असतील ना."

"मला?" म्हातारा हसला. "मी स्वतःला कशाला मारीन, मॅडाम?"

अन् मग त्यानं सांगितलं. बाई आपली एकसुरी बोलत होती. लोकांनी आपल्या रानात कापूस लावायचा असा हुकूम होता. ते खायचं पेरायचे. रस्त्याच्या कामाला यायचं, ते पळून जायचे. मग सकाळी झेंडा वर गेला की त्यांना पालथं पाडायचं. पाणघोड्याच्या कातड्याचा हा आसूड. मारायला शिपाई असायचा, साहेब बाजूला उभा राहून मोजायचा. "कायद्यात बसतील त्याच्यावर एकही नाही," म्हणाला. "बाकीचे साहेब जास्त मारायचे. मी कधीच नाही." हे सांगताना त्याची मान ताठ होती.

माझ्या हातातलं तेल तिथंच थिजलं. मी कुणाला कुंकू लावत आले, वरीसभर? कुणाच्या पाठीची कातडी लागलेली त्याला? बहात्तरच्या दुष्काळात मी पोर कडेवर घेऊन रस्त्यावर खडी फोडली. माझी पाटी अर्धी राहिली म्हणून मुकादमानं पोटरीवर वेत मारला होता. रडले नाही. रडायला पाणी लागतं. पण तो मुकादम मी विसरले नाही, त्याच्या दातातलं सोनंसुद्धा मला आठवतं. अन् इथं मी मुकादमालाच भाकरी वाढत होते.

मी उठले. दारात वळून विचारलं, "त्यातल्या एकाचं नाव सांगा, साहेब."

साहेबाला गल्लीतल्या कुत्र्यांची नावं पाठ. झाडावर येणाऱ्या पाखरांची नावं पाठ. तो छताकडं बघायला लागला. नाव काही येईना.

"एक नाव सांगा," मी म्हणलं, "तोवर माझा पाय ह्या घरात पडणार नाही."

घरी आले तर सून म्हणाली, "आई, तेव्हा सगळेच तसे होते हो. सिस्टीमच तशी होती."

"मुकादमाची बायकोही हेच म्हणायची."

"पण ते किती एकटे आहेत! अन् तुम्ही तरी कोणाशी बोलणार?"

ते खरंच होतं. दुपार खायला उठायची. भाकरी थापताना हात सवयीनं एक जास्तीची थापायचा, ती रात्री पोर खायचं. भिंतीपलीकडं त्याचं खोकणं ऐकू यायचं. तो दारात उभा राहून माझ्याकडं बघायचा, मी मान फिरवायची. गल्लीची तपासणी बंद पडली. सायकली वाकड्या राहायला लागल्या, कुणी बघेना. सून एकदा म्हणाली, "आई, ते टोपीशिवाय बाहेर आले होते आज. डबा ठेवायचं विसरून तसेच उभे होते." मी पीठ मळत राहिले. आठवत नसंल तर नसंल. मला मुकादम आठवतो, त्याला मार खाणारा आठवत नाही. हाच तर फरक असतो.

झाडांची पानं पिवळी पडली तेव्हा एका दुपारी बेल वाजली. दारात साहेब. भर थंडीत डोकं उघडं, चड्डीऐवजी साधी विजार, अन् हात रिकामे. पहिल्यांदाच मला तो नुसता म्हातारा दिसला. ओठ हलवत होता. मी फोन शोधायला वळले तर त्यानं माझी बाही धरली.

"कासोंगो," म्हणाला.

नावाला फोनमधली बाई लागत नाही. त्यानं परत म्हणलं, "कासोंगो." मग हातानं दाखवलं, एवढा उंच, असा बारीक. मग कडेवर पोर घेतल्यासारखा हात केला अन् बाजूला बोट दाखवलं. म्हणजे कासोंगोची बायको. पोर कडेवर घेऊन तिथं उभी होती, बघत.

मी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, पोराचा स्वेटर अंगावर टाकला. फोन मध्ये ठेवला. म्हणलं, "सांगा. कासोंगोचं सगळं सांगा." तो अंधार पडेपर्यंत सांगत राहिला. पोर अन् सून घरी आले, ते आपले कोट न काढता उभेच राहिले.

सून विचारते, "आई, मग तुम्ही माफ केलं त्यांना?" मी कोण माफ करणारी? ज्यानं करायचं तो काँगोत. असंल तर असंल, नसंल तर त्याचं ते कडेवरचं पोर असंल, माझ्या पोराहून थोरलं. मला एवढंच माहीत, की त्या दिवशी मी साहेबाला पाणी दिलं, भाकरी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दिली.